मालवण मतदारसंघ कुठे गेला?

प्रश्न: घरी मोठी माणसं अजून मालवणचा आमदार म्हणतात पण विधानसभा मतदारसंघांच्या यादीत मालवण नावच नाही, फक्त कुडाळ दिसतं, हे कधी झालं?

उत्तर १: २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत. २००१ ची जनगणना धरून हद्दी बदलल्या, मालवण तालुका कुडाळमध्ये गेला. नारायण राणे आधी मालवणमधून निवडून यायचे, २००९ ला कुडाळमधून आले ते याचमुळे.

उत्तर २: आणि रत्नागिरीत खेड, संगमेश्वर हे मतदारसंघ पण रद्द झाले. एकूण जागा २८८ च राहिल्या, ठाण्याकडे लोकसंख्या वाढली म्हणून तिकडे आमदार वाढले नि आमचे कमी झाले, हे मला अजिबात पटत नाही. लोकं पोटापाण्यासाठी तिकडे गेली पण डोंगरातल्या वाड्या, रस्ते इथेच आहेत ना?