जुनी सात सीटर घ्यायची आहे, बजेट ४ लाख (दिग्रस भाग)

दिग्रसकर: नमस्कार मंडळी. घरात सात माणसं. बजेट ४ लाख. ट्रान्सफर, इन्शुरन्स, टायर सगळं त्यातच. कापसाचे पैसे आले की घेणार. जाणं-येणं म्हणजे शेगाव, माहूर अन् दवाखान्यासाठी यवतमाळ. घरापासून डांबरी रोडपर्यंत पांदण आहे, पावसाळ्यात नुसता गारा-चिखल. बाबांचे गुडघे गेलेत, गाडीत वाकून बसणं जमत नाही. कोणती पाहू?

वणीवाला: डोळे झाकून इनोव्हा घ्या भाऊ. जुनी अडीच लिटर डिझेल. माझी अडीच लाख किलोमीटरच्या वर चालली, इंजिनले हात लावला नाही. साडेपाच-सहा लाखात चांगली भेटते.

दिग्रसकर: दादा, बजेट ४ आहे.

वणीवाला: मग तूर निघेपर्यंत थांबा.

शिक्षिका_अमरावती: आमच्याकडे डिझेल अर्टिगा आहे. मधल्या सीटवर सासूबाई आरामात बसतात, मायलेजही छान. शेवटच्या रांगेत मात्र लेकरंच बसवा. मारुतीने २०२० च्या एप्रिलपासून डिझेल बंद केलं, म्हणून जी मिळेल ती त्याआधीचीच असेल.

काळीमाती: ताई, अर्टिगा पुढच्या चाकावर ओढते. पांदणीतल्या गाऱ्यात जागेवरच फिरत बसन. मागच्या चाकाचीच गाडी पाह्यजे.

आर्णी_गॅरेज: काहून? रिकामी असली का मागच्या चाकाची गाडीही फसते, मागं वजनच नसते. गाऱ्यात टायरची नक्षी कामी येते. अन् जुनी इनोव्हा घेतलीच तर टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिल मागा. बेल्ट तुटला तर इंजिनचे वॉल्व्ह वाकतात, मोठा खर्च बसतो.

पुसदचा_शेतकरी: इनोव्हाच. वणीवाल्या दादांशी सहमत.

वाशीमकर: दिल्लीची डिझेल आणा, लय स्वस्त. तिकडं १० वर्षं झाली का लोकं काढून टाकतात.

आरटीओ_अनुभवी: स्वस्त दिसते फक्त. तिकडची एनओसी (ना हरकत दाखला), इथला रोड टॅक्स, अन् १५ वर्षं झाली की पुन्हा पासिंग आणि हरित कर. शेत घेताना सातबाऱ्यावर बोजा पाहता ना, तसा आरसीवरही (गाडीच्या नोंदणी कागदावर) बँकेचा बोजा पहा. सरकारी एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की दिसतो. अजून एक, आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची इन्शुरन्समधली सूट) तुम्हाला लागू होत नाही. इन्शुरन्स १४ दिवसांत नावावर करून घ्या.

काळीमाती: मले एका एजंटनं फसवलं. मीटर दाखवे ऐंशी हजार, अन् ब्रेक पेडलचं रबर घासून गुळगुळीत! मीटर मागं फिरवता येते, रबर कोणी फिरवत नाही. स्टेअरिंग अन् ड्रायव्हरची सीटही पहा. चटई उचलून खाली माती-गंज हाय का तेही पहा.

शिक्षिका_अमरावती: आणि एसी सकाळी तपासू नका. भर दुपारी, सगळी माणसं बसवून, शेवटच्या रांगेत हवा येते का पहा. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंश असतं.

वणीवाला: म्हणूनच म्हणतो, इनोव्हा.

दिग्रसकर: सगळ्यांचे आभार. महिंद्राची झायलो घेतली. शेजारच्या तालुक्यातल्या गुरुजींची, एकाच मालकाची, ३ लाख ४० हजारात. अर्टिगा पाहिली, बाबांना वाकावं लागलं. झायलोचं छत उंच, दाराखाली पायदान. दाराचा हँडल धरून बाबा एकटेच चढले अन् म्हणाले, हीच घे. बिलं सगळी भेटली, बोजा नाही, एसी दुपारी दोन वाजता पाहिला.

वणीवाला: झायलो? विकताना भाव नाही येणार भाऊ.

दिग्रसकर: विकायची नाही दादा. बाबांना फिरवायची आहे.

आर्णी_गॅरेज: बोलेरोही महिंद्राचीच, बोलेरोवाला मिस्त्री हात लावते तिले, स्पेअरची काळजी नको. उरलेल्या पैशात टायर टाका. घेताना बाजूवर चार आकडे पहा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. जुना माल नवा म्हणून देतात. अन् गाडी कोठ्याजवळ उभी करत असाल तर बोनेट रोज उघडा, उंदीर वायरिंग खातात.