तळेगाव, रावेत की आकुर्डीतला जुना फ्लॅट? घर घेण्याबाबत मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही सध्या कोथरूडला भाड्याने राहतो. नवरा चाकण एमआयडीसीत, माझं ऑफिस शिवाजीनगरला, मुलगी पुढच्या वर्षी पहिलीत जाईल आणि सासूबाई आमच्याबरोबर असतात. नवऱ्याच्या कंपनीची बस कोथरूडला येत नाही, त्यामुळे तो बाइकने नाशिक फाट्यापर्यंत जातो, तिथे बाइक लावून पुढे बसने, आणि सेकंड शिफ्ट असली की मध्यरात्रीनंतर तोच रस्ता उलटा, पावसाळ्यात तर तो घरी पोचेपर्यंत मला झोप लागत नाही. म्हणून आता त्या बाजूला सरकायचं हे पक्कं झालंय. टू बीएचके हवा, आणि खर्चासकट सत्तरच्या आसपास थांबायचं असं ठरवलंय, फार तर थोडं वर.

तीन पर्याय समोर आहेत.

पहिला तळेगाव दाभाडे, स्टेशन विभाग. बांधकाम चालू असलेला प्रोजेक्ट, 44 लाख सांगतायत. दुसरा रावेत, नवी सोसायटी, ताबा मिळायला लागलाय, 72 लाख. तिसरा आकुर्डी प्राधिकरणात जुनी तीन मजली बिल्डिंग, लिफ्ट नाही, दुसरा मजला, रिसेल, 62 लाख. कारपेट (म्हणजे आतली वापरायची जागा) आकुर्डीचाच सगळ्यात मोठा आहे, खोल्या खरोखर खोल्यांसारख्या आहेत, समोर मोठी झाडं आहेत आणि बाजार, शाळा, बँक सगळं चालत जाण्यासारखं. रावेतला क्लब हाऊस, पूल, जिम वगैरे सगळं आहे पण बेडरूममध्ये पलंग टाकला की कपाटाचं दार पूर्ण उघडेल का अशी शंका येते.

माझा खरा प्रश्न कुठलं घर छान हा नाहीये. सांगितलेला भाव त्या जागेचा आहे की तिथे पुढे काय काय होणार आहे त्याचा आहे, हे ओळखायचं कसं, हा माझा प्रश्न आहे. कारण प्रत्येक सेल्स ऑफिसमध्ये भिंतीवर नकाशा असतो आणि त्यावर रिंग रोड, मेट्रो, आयटी पार्क सगळं जवळजवळ काढलेलं असतं. आपण बघायला जातो आजची जागा आणि पैसे मागतात दहा वर्षांनंतरच्या जागेचे. हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रोचंच घ्या, 23 किलोमीटरची लाइन, तिच्या नावावर वाकड, बाणेर, माणच्या बाजूला कितीतरी वर्षं फ्लॅट विकले जातायत आणि लोक मात्र तेवढीच वर्षं भूमकर चौकात ट्रॅफिकमध्ये उभे राहिले. मेट्रो नको असं मी म्हणत नाहीये, पीसीएमसी ते स्वारगेट पूर्ण सुरू झाल्यापासून माझ्या ऑफिसातल्या पिंपरीच्या दोन मैत्रिणींचं येणंजाणं खरंच सुखाचं झालंय. पण चालू झालेल्या गोष्टीचे पैसे वेगळे आणि होणाऱ्या गोष्टीचे वेगळे असायला हवेत ना?

म्हणून मी एक हिशोब करून बघितला, तो बरोबर आहे का सांगा. भाडेकरू भविष्याचे पैसे देत नाही, त्याला आज पाणी येतं का, आज बस मिळते का एवढंच बघायचं असतं, त्यामुळे भाडं हा जागेचा आजचा खरा भाव असं मी धरलं. तिन्ही ठिकाणी तशाच फ्लॅटचं भाडं विचारलं. तळेगावला बारा हजार, रावेतला एकवीस, आकुर्डीला वीस. म्हणजे वर्षाचं भाडं भागिले किंमत काढलं तर तळेगाव सव्वातीन टक्के, रावेत साडेतीन, आकुर्डी पावणेचारच्या थोडं वर. यावरून मला असं वाटतंय की सगळ्यात स्वस्त दिसणाऱ्या तळेगावातच उद्याच्या आशेचे पैसे जास्त लावलेत आणि आकुर्डीत सगळ्यात कमी. की जुन्या बिल्डिंगला पुढे दुरुस्ती लागणार म्हणून तो आकडा तसा दिसतो? यात मी अडकले आहे.

आता येण्याजाण्याचं. तळेगावहून लोकलने शिवाजीनगर तासाभराच्या आत होतं, काही लोकल तर शिवाजीनगरहूनच सुटतात त्यामुळे संध्याकाळी बसायला मिळेल. पण दुपारच्या वेळी लोकल फारच कमी आहेत आणि मुलीच्या शाळेतून फोन आला की बाई ताबडतोब या, तर मी येणार कशी? तिसऱ्या-चौथ्या ट्रॅकबद्दल मी कॉलेजात होते तेव्हापासून ऐकतेय. नवऱ्याला तळेगाव-चाकण रस्ता, अंतर कमी पण कंटेनरची रांग लागली की किती वेळ जाईल सांगता येत नाही. आकुर्डीहून मला लोकल आहे आणि पिंपरीला जाऊन मेट्रोपण आहे (निगडीपर्यंतचं वाढीव काम चालू दिसतंय, ते मी हिशोबात धरलेलं नाही), त्याच्या कंपनीची बस निगडीला थांबते. रावेतहून माझं सगळं बसवर किंवा गाडीवर, किंवा रिक्षाने आकुर्डी स्टेशन गाठायचं.

आणि पाणी! पिंपरी-चिंचवडला नोव्हेंबर 2019 पासून दिवसाआड पाणी आहे हे माहीत आहे. जुन्या बिल्डिंगला टाकी लहान असते तर तिथे कसं निभावतं, आणि नव्या मोठ्या सोसायट्या टँकरवर किती चालतात? रावेतला सोसायटीच्या ऑफिसात टँकरचा खर्च विचारला तर तो मेंटेनन्समध्येच धरलाय असं म्हणाले, आकडा दिला नाही. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रोडच्या बाजूला नांदेड, किरकटवाडीकडे जीबीएसची (नसांवर परिणाम करणाऱ्या आजाराची) साथ आली तेव्हापासून पाणी कुठून येतं हे विचारल्याशिवाय मी पुढे बोलतच नाही, घरात लहान मूल आणि म्हातारं माणूस आहे.

सासूबाईंचं वय सत्तर, गुडघे दुखतात. दोन मजले चढणं आज जमतं. त्या स्वतः म्हणतात मला झाडं आणि माणसं दिसली पाहिजेत, लिफ्टचं मी बघून घेईन. पण पाच वर्षांनी?

तर त्या त्या भागात राहणाऱ्यांनी कृपया लिहा. आणि भाव कसा तपासायचा हे माहीत असलेल्यांनीसुद्धा. गुंतवणूक म्हणून कुठलं चांगलं हे नको आहे, आम्हाला राहायचंय.

*

प्रतिसाद

ताई, भाव तपासायला भाड्याचा हिशोब चांगला आहे पण विचारलेलं भाडं आणि विचारलेली किंमत दोन्ही तोंडी आहेत. नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्च मोफत आहे, तिथे वर्ष, तालुका, गाव आणि सर्व्हे नंबर किंवा मिळकत नंबर टाकला की इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहाराचा सारांश, दिसतो. त्यात मोबदला आणि बाजारभाव असे दोन आकडे असतात. बाजारभाव म्हणजे रेडी रेकनरप्रमाणे सरकारी मूल्य, आणि मोबदला म्हणजे करारात लिहिलेली रक्कम. आपण मोबदला बघायचा. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असतं, 10.764 ने गुणायचं. त्याच बिल्डिंगचे गेल्या दोन वर्षांतले चार-पाच व्यवहार काढा आणि मग बोलणी करा. नोंदवलेले भाडेकरारसुद्धा तिथेच सापडतात. दोन तास बसावं लागतं, साइट अधूनमधून रुसते, पण सेल्स ऑफिसमधल्या माणसाचा आवाज त्याने लगेच बदलतो.

*

प्रतिसाद

तळेगावात बारा वर्षं आहे, स्टेशन विभागातच. हवा उत्तम, माणसं चांगली, शाळा आहेत, दवाखाने आहेत, गावभागात बाजार मस्त. मी पुण्याला लोकलने जातो आणि मला काही त्रास नाही, कारण माझी वेळ ठरलेली आहे. ज्याची वेळ ठरलेली नाही त्याने इथून रोज पुण्याला जाऊ नये हे मी मनापासून सांगतो. गाडी चुकली की पुढच्या गाडीपर्यंत थांबायचं, नाहीतर जुन्या हायवेने सोमाटणे, देहूरोड करत बसायचं. तुमच्या मिस्टरांना चाकणला सकाळी साडेसहाची शिफ्ट असेल तर रस्ता मोकळा असतो, संध्याकाळी मात्र वडगाव फाट्यापासूनच हाल.

आणि 44 लाख म्हणतायत त्यात पार्किंग, डेव्हलपमेंट चार्जेस, क्लब हाऊस धरलंय का ते लेखी घ्या. बांधकाम चालू असलेल्या घराला जीएसटी 1 टक्का लागतो तो किंमत 45 लाखांच्या आत आणि कारपेट 90 चौरस मीटरच्या आत असेल तर, आणि त्या 45 मध्ये हे सगळे चार्जेस मोजतात. एक लाखाने वर गेलं की थेट 5 टक्के. भोगवटा प्रमाणपत्र आलेल्या घराला जीएसटी नाही. तुमची तुलना या आकड्यांवर परत करा.

*

प्रतिसाद

रावेतकर आहे म्हणून लिहितोय. आमच्याकडे सगळंच वाईट नाही, रस्ते रुंद आहेत, एक्स्प्रेस वे जवळ, मुलांना खेळायला आवारात जागा आहे, लिफ्टला बॅकअप आहे, आणि तुमच्या सासूबाईंना याच गोष्टी लागणार आहेत. पण टँकरचं त्यांनी आकडा दिला नाही म्हणजे तो आकडा मोठा आहे असंच समजा. एप्रिल-मेची मेंटेनन्सची बिलं मागा, वर्षाची सरासरी नको. ताबा मिळाला म्हणजे ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मिळाली असं नसतं, पार्ट ओसी, म्हणजे काही भागापुरतीच, आहे का आणि ती तुमच्या विंगची आहे का बघा. महारेराच्या साइटवर प्रोजेक्टचा नंबर टाकला की मंजूर नकाशा, किती फ्लॅट बुक झाले, कोर्टात काय चालू आहे सगळं असतं. आणि कोणी गोड बोलून करार व्हायच्या आधी 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागत असेल तर देऊ नका, कायद्यात ते चालत नाही.

*

प्रतिसाद

प्राधिकरणातल्या फ्लॅटबद्दल एक महत्त्वाचं. तिथल्या जमिनी 99 वर्षांच्या लीजवर दिलेल्या आहेत. 2021 मध्ये प्राधिकरण, म्हणजे या जमिनी देणारी सरकारी संस्था, विसर्जित झालं, काही कारभार पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आणि काही महापालिकेकडे गेला, त्यामुळे तुमच्या बिल्डिंगची फाइल नक्की कुठे आहे हे विकणाऱ्याला आधी विचारा. हस्तांतरणाची परवानगी, त्याचे पैसे कोण भरणार, बिल्डिंग मंजूर नकाशाप्रमाणे आहे की गच्चीवर काही वाढवलंय, हे सगळं वकिलाकडून तपासून घ्या. बँक लोन देताना हेच विचारते. कागद स्वच्छ असतील तर माझं मत आकुर्डीलाच, तिथली वस्ती पन्नास वर्षांची मुरलेली आहे.

अजून एक, घर फक्त तुमच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते, नवऱ्याचं नाव जोडलं की नाही मिळत. 62 लाखांवर बासष्ट हजार होतात.

*

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप आभार, एवढं नेमकं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

ई-सर्चवर बसले होते. आकुर्डीच्या त्याच गल्लीत दोन व्यवहार सापडले, दोन्ही आम्हाला सांगितलेल्या भावापेक्षा बरेच खाली आहेत, त्यामुळे 62 वर आता बोलता येईल. तळेगावच्या 44 मध्ये पार्किंग धरलेलं नाही हे फोनवर कळलं, म्हणजे ते 45 च्या वर जाणार आणि जीएसटी 5 टक्के. शिवाय माझी वेळ ठरलेली नसते, महिनाअखेरीला उशीर होतोच, तर तळेगावचा विचार मी सोडते आहे, मन मात्र थोडं खट्टू झालं कारण मुलीला ती जागा फार आवडली होती. रावेतच्या सोसायटीकडे मे महिन्याचं बिल मागितलंय, अजून दिलेलं नाही.

लीजचं मला अजिबात माहीत नव्हतं, वकिलांची वेळ घेतली आहे. लिफ्टबद्दल सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोलले, बाहेरच्या बाजूने लिफ्ट बसवायचा विषय मीटिंगमध्ये निघालेला आहे पण तळमजल्यावरची दोन घरं खर्चात भाग घ्यायला तयार नाहीत. असं कोणाच्या जुन्या बिल्डिंगमध्ये झालंय का, झालं असेल तर खर्चाची वाटणी कशी केली? मजल्याप्रमाणे की सगळ्यांना सारखी? आणि आकुर्डीच्या त्या पट्ट्यात कोणी वरच्या मजल्यावर राहत असेल तर मे महिन्यात ज्या दिवशी पाणी येतं त्या दिवशी किती वेळ येतं आणि प्रेशर कसं असतं तेवढं सांगा, आठवड्याच्या शेवटी टोकन द्यायचं की नाही ते ठरवायचंय.