घोडी कानाला हात लावू देत नाही, मोरकी (तोंडावर बांधायची दोरी) कशी घालू? (मदत हवी आहे)

मंडळी, दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतून मारवाडी घोडी आणली, पाच वर्षांची, पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा). विकणारा म्हणाला एकदम गरीब आहे, पोरंसोरं बसतात. गरीब कसली! अंगभर खरारा करा, डोळे अर्धे मिटून उभी राहते, पण कानाला बोट लागलं की मान अशी वर टाकते की माझा हातच पोचत नाही.

परवा शेण ओढायला फावडं उचललं तर दांडा बघून ही जागच्या जागी पाय आपटायला लागली, म्हणजे चक्क नाचायलाच. वरातीतली असणार, काठी दाखवून शिकवलेली. फावडं टाकून दिलं तरी पाचेक मिनिटं थांबेना, घामाघूम झाली. लय वाईट वाटलं राव.

गावातले जाणकार म्हणतात ओठाला दोरीचा पीळ घाल, कान धर, दोन दिवसांत सरळ होते. वडीलही त्याच मताचे. मला ते करायचं नाहीये. महिनाभर रोज भरडा घालताना नुसता शेजारी बसतो, आता आपणहून येऊन खिसा हुंगते. पण यात्रेतून आली तेव्हापासून तीच मोरकी तोंडावर आहे, नाकाडावर घासून केस गेलेत, काढावी तर लागेल पण काढली तर परत घालू कशी? मारझोड न करता कुणी असं जनावर सवयीला आणलंय का?

प्रतिसाद :
आधी डॉक्टरांकडून कान आणि दाढा बघून घ्या, कानात गोचीड असला किंवा दाढेला धार आली असली तरी असंच करतात. मोरकी बकलवाली घ्या, मानेमागून पट्टा आणून गालाशी लावायचा, कानावरून ओढायचं कामच नाही. समोरून जाऊ नका, कपाळासमोरचं तिला दिसत नाही, खांद्याशी उभं राहा. हात मानेवरून वर न्यायचा आणि ती मान उडवायच्या *आधी* काढून घ्यायचा. उडवल्यावर काढलात तर मान उडवली की सुटका होते हेच ती शिकणार. रोज बोटभर पुढे, बास. आणि फावडं काही दिवस तिच्या नजरेआड ठेवा.

धागाकर्ता :
बकलचं डोक्यातच आलं नव्हतं! उद्याच डॉक्टरांना फोन करतो. हात लावू दिला की गुळाचा खडा दिला तर चालेल का, की चावायची सवय लागते?