पुढच्या काचेवरचा पाणी झटकणारा लेप: वायपरची थरथर आणि रात्री फाकणारा उजेड

प्रश्न

नमस्कार. माझ्या गाडीच्या पुढच्या काचेवर मी बाटलीत मिळणारा, सिलिकॉनवर आधारित असा पाणी झटकणारा लेप लावला आहे. मोकळ्या रस्त्यावर वेग वाढला की त्याचा परिणाम उत्तम दिसतो. पाणी काचेवर पसरत नाही, त्याचे थेंब होऊन वाऱ्याने वर सरकत जातात आणि वायपर फारच कमी वेळा चालवावा लागतो. मात्र दोन गोष्टी मला अस्वस्थ करतात. रिमझिम पावसात वायपरचे रबर सरळ न सरकता थरथरत, आवाज करत जाते. आणि रात्री संथ रहदारीत समोरच्या दिव्यांचा उजेड काचेवर असा फाकतो की लेप नसताना याहून बरे दिसत होते असे वाटते. हे दोष लेपाच्या स्वभावातच आहेत, की लावण्याची पद्धत सुधारली तर ते जातात? शिवाय गाडीत पाऊस ओळखून आपोआप चालणारे वायपर आणि काचेमागे कॅमेरा आहे. त्यांच्यावर काही परिणाम होतो का, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

आपल्या दोन्ही तक्रारींची मुळे वेगळी आहेत. थरथर बहुतेक वेळा पद्धतीने जाते; फाकणारा उजेड काही अंशी जातो आणि काही अंशी राहतोच.

स्वच्छ काचेच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या अणूंच्या जोड्या) असतात आणि पाण्याचे रेणू त्यांना सहज धरून ठेवतात, म्हणून पाणी काचेवर पसरते. लेपातील सिलिकॉनचे किंवा फ्लोरिनयुक्त सिलेनचे (काचेला जोडले जाणारे एक सिलिकॉन-संयुग) रेणू याच गटांशी जोडले जातात आणि त्यांची पाण्याला न धरणारी बाजू बाहेर राहते. त्यामुळे थेंबाचा काचेशी होणारा कोन, जो अगदी स्वच्छ काचेवर जेमतेम काही अंश असतो, तो १०० अंशांच्या पुढे जातो. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की काम करणारा थर काही रेणूंच्या जाडीचाच असतो. त्याच्यावर उरलेले सगळे द्रव्य निरुपयोगीच नव्हे तर त्रासदायक असते. दिव्याच्या उजेडात धूसर दिसणारा आणि वायपरच्या रबराला अडवणारा पट्टा बहुधा त्याचाच असतो.

वायपरच्या थरथरीला आणखी एक कारण आहे. साध्या ओल्या काचेवर रबराखाली पाण्याचा सलग पातळ पापुद्रा असतो आणि तो वंगणाचे काम करतो. लेप लावलेल्या काचेवर तो पापुद्रा तुटून त्याचे थेंब होतात, मधल्या जागी रबर कोरड्या काचेवर घासते, क्षणभर अडकते, मग सुटते, पुन्हा अडकते. रबराची कड झिजलेली असेल, किंवा एका जागी राहून राहून ती एका बाजूला वाकून तशीच कडक झाली असेल, तर हे अडकणे-सुटणे फार वाढते. म्हणून लेप लावताना रबर तपासावे आणि शंका असल्यास ते बदलूनच टाकावे. त्याचा खर्च लेपाच्या श्रमापुढे काहीच नाही.

आता पूर्वतयारी, जिच्याकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात. काच साबणाने धुतल्यावर ती स्वच्छ दिसते, पण तिच्यावर धुराचा तेलकट थर, मेणाच्या पॉलिशचे अंश आणि वाळलेल्या थेंबांतून उरलेले क्षार टिकून असतात. लेप काचेला न लागता या मळाला लागतो आणि मळाबरोबरच निघून जातो. क्षारांचे डाग पातळ केलेल्या व्हिनेगरने सैल होतात, पण ते रंगावर सांडू देऊ नये आणि नंतर भरपूर पाण्याने धुवावे. चिकट मळ क्ले बारने (मळ ओढून घेणारी, मऊ मातीसारखी वडी) निघतो. घासताना काच ओली व निसरडी ठेवणे आवश्यक आहे. त्याउपर जुना हट्टी थर असेल तर सिरियम ऑक्साईडचे (काच घासून गुळगुळीत करणारी अतिबारीक पूड) काचपॉलिश वापरावे, मात्र एकाच ठिकाणी जोर लावून बराच वेळ घासू नये, कारण काच तिथे किंचित खोलगट झाली की त्या भागातून दिसणारे दृश्य वाकडे होते.

स्वच्छता पुरेशी झाली का, हे ओळखण्याची खात्रीची परीक्षा म्हणजे काचेवर साधे पाणी ओतणे. पाणी सगळीकडे सलग चादरीसारखे राहिले तर काच तयार आहे. ते जिथून मागे सरते किंवा थेंबाळते, तिथे मळ किंवा जुना लेप अजून शिल्लक आहे. या परीक्षेनंतर काच पूर्ण कोरडी करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी.

लेप सावलीत आणि थंड काचेवर लावावा, कारण तापलेल्या काचेवर द्रावक पसरण्याआधीच उडून जातो व पट्टे उरतात. लहान लहान भागांत, आडवा आणि उभा असा दोन्ही दिशांनी चोळून तो पसरावा, सूचनेत दिलेला वेळ थांबावे आणि मग ओलसर व नंतर कोरड्या मायक्रोफायबर कापडाने, काच पूर्ण पारदर्शक दिसेपर्यंत पुसत राहावे. हे शेवटचे पुसणे घाईत उरकले जाते, आणि रात्रीच्या धूसरपणाचा मोठा भाग तिथेच जन्मतो. तिरप्या उजेडात, टॉर्च काचेच्या कडेला धरून पाहिले की उरलेले पट्टे लगेच दिसतात.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

मनःपूर्वक आभार. टॉर्चने पाहिल्यावर काचेच्या कडांजवळ पट्टे खरोखरच दिसले, म्हणून आता सगळे काढून पहिल्यापासून करणार आहे. फ्लोरिनयुक्त लेप अधिक टिकतो असे ऐकले आहे. तो फवाऱ्याच्या डब्यातून मारणे सोपे पडेल का? आणि सेन्सरबद्दलचा प्रश्न अजून बाकी आहे.

प्रतिसाद २

वरील उत्तरातील पूर्वतयारीशी मी पूर्ण सहमत आहे, पण संथ रहदारीतल्या उजेडाबद्दल थोडे स्पष्टपणे लिहावेसे वाटते, कारण हा भाग कितीही पुसले तरी जात नाही.

थेंबाला काचेवर धरून ठेवणारे बल त्याच्या रुंदीच्या प्रमाणात असते, तर त्याला हलवणारा वाऱ्याचा जोर त्याच्या क्षेत्रफळाच्या आणि त्याचे वजन घनफळाच्या प्रमाणात वाढते. म्हणून मोठे थेंब आधी निघतात आणि बारीक तुषार सर्वांत शेवटी, तेही चांगला वेग आल्यावरच. गाडी हळू असेल आणि पाऊस बारीक असेल, तर काचेवर शेकडो छोटे थेंब जागच्या जागी राहतात आणि त्यातला प्रत्येक थेंब भिंगासारखा समोरच्या दिव्याचा उजेड वळवतो. लेप नसलेल्या काचेवर हेच पाणी पातळ पापुद्रा होऊन पसरले असते आणि वायपरच्या एका फेरीनंतर तुलनेने शांत दृश्य मिळाले असते. मिशिगन विद्यापीठाच्या वाहतूक संशोधन संस्थेने १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा लेपामुळे पावसात चालकाला बारकावे अधिक चांगले दिसतात आणि लहान वस्तू लवकर ओळखता येते असे आढळले, त्यामुळे लेपाचा फायदा खराच आहे. परंतु ज्यांचा बहुतांश प्रवास कमी वेगाने होतो, त्यांनी तो आधी बाजूच्या काचांवर आणि आरशांवर लावून पाहावा असे माझे मत आहे. तिथे वायपर नसतो, लेप जास्त काळ टिकतो, आणि वळताना बाजूचे दिसणे सुधारते.

सेन्सरविषयी: पाऊस ओळखणारा सेन्सर काचेच्या आतून तिरपा अवरक्त प्रकाश सोडतो. बाहेरची बाजू कोरडी असेल तर तो प्रकाश पूर्ण परावर्तित होऊन परत येतो, आणि पाणी असेल तिथे त्याचा काही भाग बाहेर निसटतो. लेपामुळे पाण्याचा काचेला होणारा स्पर्श कमी होतो व ते लवकर निघून जाते, त्यामुळे सेन्सरला पाऊस प्रत्यक्षापेक्षा कमी वाटू शकतो आणि वायपर उशिरा किंवा अनियमित चालतात. काही गाड्यांच्या माहितीपुस्तिकेत याबद्दल स्पष्ट सूचना असते, ती आधी वाचावी. कॅमेऱ्यासमोरच्या भागात मात्र पट्टा अजिबात उरता कामा नये, कारण त्या धूसरपणातून माणूस वाट काढतो तशी यंत्रणा काढू शकत नाही.

प्रतिसाद ३

फवाऱ्याबद्दल मला आवर्जून सांगायचे आहे. फ्लोरिनयुक्त सिलेन सेंद्रिय द्रावकात विरघळवून त्याचा बारीक फवारा केला, तर ते कण श्वासाबरोबर फुप्फुसांत खोलवर जाऊन गंभीर इजा करू शकतात. याच कारणाने युरोपीय संघाने अशा विशिष्ट फ्लोरोअल्किल सिलेनच्या द्रावकयुक्त फवाऱ्यांची सामान्य ग्राहकांना होणारी विक्री जानेवारी २०२१ पासून मर्यादित केली. तेव्हा कापडावर किंवा फोमवर ओतून लावायचा द्रवच घ्यावा आणि मोकळ्या हवेत, हातमोजे घालून काम करावे. हा लेप सिलिकॉनच्या लेपापेक्षा टिकाऊ असतो हे खरे आहे, परंतु काचेची तयारी अपुरी असेल तर तो फरक अनुभवास येत नाही.

आतल्या बाजूला हा लेप लावू नये, हेही इथे नमूद करतो. आत धुके साचू नये म्हणून वापरायचे द्रव्य नेमके उलटे काम करते. ते पाणी पसरवून त्याचा पारदर्शक पापुद्रा करते.

पुन्हा लावण्याची वेळ ठरवताना बाटलीवरच्या महिन्यांकडे पाहू नये. वायपर फिरतात त्या कमानीत पाणी पसरू लागले आणि कमानीबाहेर मात्र थेंब तसेच उभे राहत असले, की घर्षणाने तेवढ्या भागातला थर गेला आहे असे समजावे. अशा वेळी पूर्ण काचेवर नवा हात मारण्यापेक्षा तो भाग वर सांगितल्याप्रमाणे स्वच्छ करून तेवढाच पुन्हा लेपावा. जुन्या शाबूत थरावर नवे द्रव्य जोडले जात नाही, ते नुसते वर साचते आणि पुन्हा पट्टे दिसू लागतात.