मदत हवी आहे: व्हिजिटर ओळखणाऱ्या टूलमध्ये कंपनीऐवजी इंटरनेटवाल्याचंच नाव

इंडस्ट्रियल व्हॉल्व्हची बी-टू-बी (कंपन्यांनाच विकणारी) साइट आहे. वर्डप्रेस, पुढे क्लाउडफ्लेअर (भेटी आधी त्याच्या सर्व्हरमधून जातात, मग साइटवर येतात). आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) कंपनी ओळखणारं टूल लावलंय, पण बहुतेक भेटींपुढे ब्रॉडबँड नाहीतर मोबाईल कंपनीचं नाव येतं.

क्लाउडफ्लेअरचाच आयपी पकडला जात असेल ही शंका फिटली आहे: सर्व्हर लॉगमध्ये सीएफ-कनेक्टिंग-आयपी हेडर (यात क्लाउडफ्लेअर व्हिजिटरचा मूळ आयपी कळवतं) घेतोय, तो टूलमधल्या आयपीशी जुळतो. रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून डोमेनचं नाव) आणि हूइजही (आयपी कोणाच्या नावावर ती नोंद) तपासलं. स्वतःच्या नावावर आयपी ब्लॉक असलेल्या मोठ्या कंपन्या बरोबर सापडतात. सीजीनॅटमागे (इंटरनेटवाला एक आयपी अनेकांत वाटतो तिथे) एकाच आयपीवर असंख्य गिऱ्हाईकं, तिथे काहीच निघणार नाही हे मान्य. घरून व्हीपीएनशिवाय (ऑफिसच्या नेटवर्कमधून न येता) काम करणारेही तसेच. कुकीचं (ब्राउझरमध्ये साइटने ठेवलेली ओळखखूण) म्हणाल तर जावास्क्रिप्टने ठेवलेली कुकी सफारी ७ दिवसांत उडवतो, आणि आमचं गिऱ्हाईक कोटेशनला महिना लावतं!

कंपनीचं नाव पुरे. व्यक्तीचा ईमेल किंवा फिंगरप्रिंटिंग (ब्राउझरच्या बारीकसारीक खुणांवरून ओळखणं) नको.

अडलंय ते इथे: एएसएन (आयपी कोणत्या नेटवर्कचा ते सांगणारा क्रमांक) बघून इंटरनेटवाले गाळले, की त्यांच्याचकडून स्थिर आयपी घेतलेले छोटे कारखानेही गळतात, कारण हूइजमध्ये ब्लॉक इंटरनेटवाल्याच्याच नावावर असतो. हे दोन वेगळे कसे काढता? की कोटेशनच्या मेलमधल्या लिंकला ग्राहकनिहाय टॅग लावून, सर्व्हरकडून कुकी ठेवणंच जास्त भरवशाचं?