बी विंगच्या डक्टमध्ये येणारा धूर : फ्लॅट ४०३ च्या लेझर कटिंग मशीनविषयी

बी-५०३ : सर्व सभासदांना नमस्कार. काल रात्री साडेदहानंतर आमच्या दोन्ही बाथरूममध्ये पुन्हा जळक्या लाकडाचा आणि त्यात मिसळलेला, घशात खवखवणारा उग्र गोडसर वास पसरला. सासूबाईंना दमा आहे हे येथे सर्वांना माहीत आहे; त्यांना रात्री पंप घ्यावा लागला. ४०३ मध्ये गणपतीच्या मखरांचे काम सुरू झाले की दर वर्षी हेच होते आणि "बघतो" एवढेच उत्तर मिळते. यंदा मला ते उत्तर नको आहे.

बी-४०३ : ताई, आजींना त्रास झाला याचे मनापासून वाईट वाटते. परंतु मखरांचे भाग कापणारे लेझर मशीन ४० वॅटचे आहे, त्याला पंखा आणि पाइप आहे, आणि गेल्या वर्षीच्या तक्रारीनंतर मी हेपा फिल्टरही बसवला आहे. धूर आमच्या घरात मुळीच राहत नाही.

बी-५०३ : तुमच्या घरात राहत नाही, कारण तो आमच्या घरात येतो.

ए-१०२ : गच्चीवर काहीही बसवण्यापूर्वी समितीची लेखी परवानगी लागते, याची सर्वांनी नोंद घ्यावी.

बी-२०१ : बाप्पा यायच्या आधीच बी विंगमध्ये धूप सुरू झालेला दिसतो! 🙏

बी-५०३ : ज्यांच्या घरी रात्री कोणाला श्वास लागत नाही, त्यांना हे सुचू शकते.

ए-३०४ : माझ्याकडे हवेतील कण मोजण्याचे मीटर आहे. आज सकाळी बी विंगच्या जिन्यात पीएम २.५ चा, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचा, आकडा ६० च्या आत होता, म्हणजे हवा मर्यादेत आहे. उगाच घबराट नको.

बी-६०१ : मी भोसरीच्या कारखान्यात बरीच वर्षे सुरक्षा विभाग सांभाळला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. ३०४, प्रति घनमीटर ६० मायक्रोग्रॅम ही आपल्याकडची मर्यादा बाहेरच्या हवेच्या २४ तासांच्या सरासरीसाठी आहे. शिवाय आपले मीटर फक्त कण मोजते, वायू मोजत नाही. हेपा फिल्टरचेही तसेच आहे. तो ०.३ मायक्रॉनचे किमान ९९.९७ टक्के कण अडवतो, पण वायू त्यातून सरळ पार होतात. मखरांसाठी कापला जाणारा एमडीएफ बोर्ड म्हणजे बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या राळेने चिकटवलेले लाकडाचे तंतू. तो लेझरने जळताना फॉर्मल्डिहाइड सुटते, आणि त्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये माणसांत कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत गणले आहे. ताई म्हणतात तो गोडसर वास ॲक्रिलिकमधून निघणाऱ्या मिथाइल मेथाक्रिलेटच्या वाफेचा असावा. हा वास अगदी अल्प प्रमाणातही जाणवतो, म्हणून वास आला की विषबाधा झाली असे समजू नये. मात्र दम्याच्या रुग्णाला तेवढेही पुरते. कोळशाचा, म्हणजे ॲक्टिव्हेटेड कार्बनचा, फिल्टर पुष्कळ वाफा धरतो, पण फॉर्मल्डिहाइड साध्या कार्बनवर नीट टिकत नाही आणि पावसाळ्याच्या दमट हवेत कार्बनची बरीच जागा पाण्याची वाफच अडवते. मखरांचे काम नेमके याच दिवसांत चालते.

खरा दोष पाइप डक्टमध्ये सोडण्यात आहे. त्या डक्टमध्ये सहाही मजल्यांच्या बाथरूमच्या लूव्हर खिडक्या उघडतात. ज्या घरात स्वयंपाकघराची चिमणी चालू असते आणि बाकीच्या खिडक्या बंद असतात, त्या घरातील दाब कमी होऊन डक्टमधील हवा लूव्हरमधून आत ओढली जाते.

बी-५०३ : म्हणजे काका, आता दोष आमच्या चिमणीचा का?

बी-६०१ : नाही ताई. चिमणी लावणे हा तुमचा हक्क आहे. धूर डक्टमध्ये सोडण्याचा हक्क कोणालाच नाही.

बी-४०३ : काका, मला मान्य आहे. परंतु हा माझा छंद नाही, नोकरी सुटल्यापासून घर यावरच चालते. ५०३ चे फ्लोरिंग चालू होते तेव्हा कटरची धूळ आम्ही महिनोन्‌महिने सोसली आणि ग्रुपवर एक अक्षर लिहिले नाही.

बी-५०३ : ते काम एकदाच झाले, आणि दुपारी झाले.

ए-१०२ : गच्चीवर काहीही बसवण्यापूर्वी समितीची लेखी परवानगी लागते.

बी-६०१ : ती परवानगीच मागावी, असे माझे म्हणणे आहे. सहा इंची पत्र्याचा गुळगुळीत पाइप, शक्य तितकी कमी वळणे घेऊन, भिंतीबाहेरून गच्चीच्या कठड्याच्याही वर आणि पाण्याच्या टाकीपासून दूर न्यावा. पंखा मशीनजवळ न लावता वरच्या टोकाला लावावा, म्हणजे संपूर्ण पाइपमधील दाब बाहेरच्यापेक्षा कमी राहतो आणि एखादा जोड सैल झाला तरी धूर बाहेर न पडता बाहेरची हवा आत जाते. खोलीत ताजी हवा येण्यासाठी खिडकी थोडी उघडी हवी, नाहीतर पंख्याला ओढायला हवाच उरणार नाही. पाइपमध्ये राळेचा थर साचतो आणि तो पेट घेऊ शकतो, म्हणून तो नियमित साफ करावा, जवळ अग्निशामक ठेवावा आणि मशीन चालू ठेवून खोली सोडू नये.

बी-२०१ : काका, मुलाच्या शाळेच्या प्रकल्पासाठी ४०३ कडून सनबोर्ड कापून घ्यायचा विचार होता. तो चालेल ना?

बी-६०१ : अजिबात नाही. सनबोर्ड बहुधा पीव्हीसीचा असतो, रेक्झिनही तसेच. त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटते. ते फुप्फुसांना घातक आहेच, मशीनही गंजवते. तो कटरने हातानेच कापा.

सचिव : रविवारच्या बैठकीत हा विषय पहिला घेतला जाईल. तोपर्यंत ४०३ यांनी डक्टमधील पाइप काढावा आणि मशीन बंद ठेवावे, अशी समितीच्या वतीने विनंती आहे.

बी-४०३ : मशीन आजपासून बंद ठेवतो. शनिवारी फॅब्रिकेटर माप घ्यायला येईल. मात्र पाइप ५०३ च्या ड्राय बाल्कनीलगत वर जाईल, त्यासाठी ताईंची संमती लागेल.

बी-५०३ : संमती देते. क्लॅम्प भिंतीला ठोकावेत, आमच्या ग्रिलला नाही. बाल्कनीसमोर एकही जोड नसावा. आणि पहिल्यांदा मशीन चालवाल तेव्हा काकांनी आमच्या बाथरूममध्ये उभे राहून खात्री करावी.

बी-६०१ : येतो. वेळ आदल्या दिवशी कळवावी आणि तेव्हा ताईंनी चिमणी चालूच ठेवावी.