‘डेझिरेज बेबी’ : कलंक रक्तात की नजरेत?

वाचनवेडी :
केट शोपॅन यांची ‘डेझिरेज बेबी’ (१८९३) ही कथा परवा पुन्हा वाचली. काळ गुलामगिरीचा, प्रदेश अमेरिकेतल्या लुइझियानाचा. एका वाड्याच्या दारात सापडलेल्या आणि तिथेच वाढलेल्या डेझिरेचे बाळ पुरते गोरे नाही, हे ध्यानात येताच तिचा नवरा आर्माँ तिच्या अज्ञात कुळाला बोल लावून तिला घालवून देतो आणि ती बाळासह पाणथळीच्या झाडीत नाहीशी होते. तिच्या वस्तू जाळताना आर्माँच्या हाती स्वतःच्या आईचे जुने पत्र लागते : गुलाम ठरवलेल्या वंशातली होती ती त्याची आईच. माझी अडचण अशी, की ‘खोट’ त्याच्यात निघाली म्हणून आपल्याला बरे वाटत असेल, तर मिश्र रक्त ही खोटच असते हे आपणही मान्य केले असे होत नाही का?

जुनी पाने :
नुसता शेवट पाहिला तर आपला आक्षेप बिनतोड आहे. पण मोरपिसांच्या पंख्याने बाळाला वारा घालणारा मुलगा आठवावा. डेझिरे एकदा त्याच्याकडे, एकदा बाळाकडे पाहत राहते आणि तिचे रक्त गोठते. हा मुलगा ला ब्लांश नावाच्या दासीचा. त्या नावाचा अर्थच ‘गोरी’. माझा हात तुमच्याहून गोरा आहे, असे डेझिरे म्हणते तेव्हा आर्माँ उत्तरतो, की ला ब्लांशच्या हाताइतकाच. शिवाय बाळाचे रडणे आर्माँला ला ब्लांशच्या खोपटापर्यंत ऐकू आले, असेही डेझिरेच पूर्वी सहज बोलून गेलेली असते. तो तिथे कशाला गेला होता, हे लेखिका सांगत नाही. मिश्र वंश मालकाच्या घरात तेवढा गुपित असतो. दासींच्या खोपटांत तो उघड्यावर खेळत असतो.

कायदेवाचक :
याला कायद्याचीच बैठक होती. अपत्याचा दर्जा आईवरून ठरेल, असा कायदा व्हर्जिनियाने १६६२ साली केल्यामुळे मालकापासून दासीला झालेले मूल मालकाचीच मालमत्ता ठरू लागले. मार्क ट्वेन यांच्या ‘पुडनहेड विल्सन’ (१८९४) मधली रॉक्सी एक सोळांश काळी, तिचा मुलगा एक बत्तिसांश. दिसायला दोघेही गोरे, तरी गुलाम. ती पाळण्यातच आपल्या आणि मालकाच्या मुलाची अदलाबदल करते. पुढे बोटांच्या ठशांवरून खरा वारस सापडतो, पण त्याला अक्षरओळख नसते, बोली गुलामवस्तीची असते आणि दिवाणखान्यात जीव घाबरा होऊन स्वयंपाकघरातच त्याला बरे वाटते. इथे रक्ताचा हिशोब साफ फसतो. मात्र मुलाच्या भेकडपणाचे खापर रॉक्सी त्याच्यातल्या काळ्या अंशावर फोडते, तेव्हा ट्वेन तिच्या समजुतीला हसत आहेत की तिला दुजोरा देत आहेत, हे मला आजही उमगलेले नाही.

वाचनवेडी :
ला ब्लांशचे खोपटे माझ्या नजरेतून पार निसटले होते. बाळाचा रंग न्याहाळण्यात मीही आर्माँसारखीच गुंतले होते. तरीही एक गोष्ट खटकतेच. जिचा हात सर्वांत गोरा, ती जीव गमावते म्हणून आपण हळहळतो. वारा घालणाऱ्या त्या मुलाला कथेने साधे नावही दिलेले नाही.